मोरसला गेलेल्या पूर्वजाचं गाव कसं शोधावं

आडनावावरून शोधू नका. हे पहिल्यांदा सांगते, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि वर्ष घालवतात. मोरस म्हणजे मॉरिशस, आणि तिथल्या मराठी घराचं आजचं आडनाव हे बहुतेक वेळा खापरपणजोबाचं पाळण्यातलं नाव असतं. रजिस्टरात गिरमिटियाचं, म्हणजे करारावर गेलेल्या मजुराचं, नाव आणि त्याच्या बापाचं नाव एवढंच चढलं, आणि पुढे मुलांच्या दाखल्यांत त्यातलंच एक आडनाव होऊन बसलं. ‘सखाराम’ आडनावाच्या माणसासाठी कोकणात सखारामांची वाडी धुंडाळून काय मिळणार? डीएनए चाचणीचाही तोच प्रकार. थुंकी पाठवून तालुका कळत नाही.

२०२४ मध्ये मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड देण्याचं जाहीर झालं, तेव्हापासून चौकश्या वाढल्यात. पण कार्डाला लागणारा कागद वेगळा आणि गाव सापडणं वेगळं. मी गावाबद्दल बोलतेय.

सुरुवात तिकडून करायची, इकडून नाही. नातलगांना सांगा, पोर्ट लुईच्या सिव्हिल स्टेटस कार्यालयातून जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले एकेक पिढी मागे काढत जा. कुठल्या तरी दाखल्यावर नावाशेजारी एक आकडा येईल. तो इमिग्रेशन नंबर, बेटावर उतरताना मजुराला मिळालेला. तिथे थांबा.

तो नंबर घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटकडे अर्ज करायचा. १८३४ पासून बेटावर उतरलेल्या मजुरांची रजिस्टरं तिथे आहेत: नाव, बाप, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, बोट, कुठल्या मळ्यावर पाठवलं ते सगळं. फोटो मिळाला तर नशीब. १८६७ नंतर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटोचा पास घ्यावा लागे, म्हणून कधी कधी चाळीस-पन्नास वर्षांचा बाप्या आपल्याकडे रोखून बघताना सापडतो. मात्र एक आग्रह धरा. टाइप केलेला उतारा पुरेसा नाही, मूळ पानाची छायाप्रत मागा, आणि जमलं तर आपल्या माणसाच्या आधीच्या-नंतरच्या दहा-दहा नोंदींसकट. का, ते पुढे येतंय.

आता गावाचं नाव वाचणं. मी इथेच दोन वर्षं अडकले होते.

मुंबई बंदरातून गेलेले बरेच लोक रत्नागिरी जिल्ह्यातले. रत्नागिरी म्हणजे तेव्हाची. सिंधुदुर्ग वेगळा झाला १९८१ मध्ये, त्यामुळे ‘जिल्हा रत्नागिरी’ वाचून नुसतं आजच्या रत्नागिरीत फिरू नका. सावंतवाडी संस्थान तर वेगळंच होतं. रजिस्टरात ते ‘सावंत वारी’ असं वाचता येईल अशा स्पेलिंगमध्ये दिसतं, आणि हीच पहिली किल्ली: साहेबाच्या कारकुनाला ‘ड’ ऐकू येत नव्हता, तो ‘आर’ लिहायचा. वाडीची वारी, वाड्याचा वारा. ‘अ’ साठी बहुतेकदा ‘यू’, ‘ई’ साठी दोन ‘ई’, ‘उ’ साठी दोन ‘ओ’. शब्दाच्या शेवटच्या ‘ए’ उच्चाराला कधी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर तर कधी नुसता ‘वाय’. ‘ळ’ ला कुणी विचारतच नव्हतं.

म्हणून स्पेलिंग डोळ्यांनी वाचू नका. मोठ्यांदा म्हणा, जरा तोंड वाकडं करून, आणि शेजारी कोकणातलं माणूस बसवा. हसतील घरचे, हसू देत. मॉरिशसचे नातलग गावाचा जो उच्चार सांगतात त्यावर तर मुळीच विसंबू नका. तिकडच्या क्रिओल बोलीत ‘ज’चा ‘झ’सारखा आणि ‘श’चा ‘स’ होतो, म्हणजे आधी कारकुनाचे कान आणि वर दीडशे वर्षांची क्रिओल.

माझी चूक सांगते. एका नोंदीत गाव होतं ‘वुरवुरा’. डब्ल्यू-यू-आर, पुन्हा डब्ल्यू-यू-आर, शेवटी ए. दुसऱ्या ‘आर’चा ‘ड’ केला, वरवडे निघालं, आणि मी हरखले. रत्नागिरी तालुक्यात खंडाळ्याजवळ वरवडे आहेच! नातलगांना कळवलं, ते विमानाने आले, गावकऱ्यांनी मनापासून स्वागत केलं, नारळ फुटला, ओट्या भरल्या. सहा महिन्यांनी मी सहज त्याच पानावरचे शेजारचे नंबर वाचले. एक ‘कुलमुट’, त्याखाली आणखी एक ‘कुलमुट’. कलमठ. ते कणकवलीला लागून आहे, आणि कणकवलीपाशीही एक वरवडे आहे. कणकवली तालुका तेव्हा अस्तित्वातच नव्हता, म्हणून मला ते सुचलंही नाही. त्या कुटुंबाला फोन करताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

तेव्हापासून नियम एकच: एकटी नोंद वाचायची नाही. माणसं गावाहून एकटी निघत नसत. भाऊ, मेहुणा, शेजारच्या वाडीतला सोबती अशी टोळी मुकादमाबरोबर निघायची, आणि बोटीवरून उतरताना त्यांना लागोपाठ नंबर पडायचे. आजूबाजूच्या तीन-चार नोंदींची गावं नकाशावर एकमेकांजवळ पडली, तरच आपलं वाचन बरोबर. एखाद्याचं गाव नुसतं ‘बॉम्बे’ लिहिलं असेल तरी हाच उपाय. जातीच्या रकान्यावर फार भार टाकू नका, तिथे ‘मराठा’ हा शब्द सढळ हाताने वापरलाय.

गाव पक्कं झालं की १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरमध्ये त्या भागाची माहिती एकदा वाचून घ्या.

मग तहसीलचं अभिलेख कक्ष. पूर्वजाची स्वतःची जन्मनोंद मिळेल ही आशा सोडा, अशा नोंदी सुरू होण्याआधीच तो निघून गेलाय. शोधायचे ते मागे राहिलेल्या भावांचे वंशज: जुने फेरफार, हक्कनोंद, खोती गाव असेल तर बोटखत, म्हणजे खोत आणि कुळांच्या हक्कांची नोंद. बरंच मोडीत असतं. मोडी येत नसेल तर जाणकाराला पैसे द्या, अंदाजाने वाचू नका.

गावात जायचं ते शिमग्याला किंवा गणपतीत. एरवी अर्ध्या घरांना कुलूप असतं, चाकरमानी मुंबईत. आधी देवळात गुरवाला भेटा, कुठलं घराणं कुठल्या वाडीतलं आणि कुणाचा मान कुठला हे त्याला तोंडपाठ असतं. म्हाताऱ्यांना ‘मॉरिशस’ विचारलंत तर कोरे चेहरे दिसतील. ‘मोरस’ म्हणा. ज्यांनी लहानपणी पांढऱ्या साखरेला मोरस साखर म्हणताना ऐकलंय, त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलतं. ‘आमच्या आजाचा चुलता गेला होता, परत आला नाही’ हे वाक्य मी आतापर्यंत तीन गावांत ऐकलंय. तिन्ही वेळा ‘मोरस’ म्हटल्यावर.

फोटो असेल तर मोबाइलवर दाखवू नका. वहीच्या पानाएवढा छापून न्या, दोन-तीन प्रती. एक देवळातच राहील.