संशोधनासाठी कंपनीकडे पैसे मागायला जाताय? आधी या चुका टाळा

मी सांगलीतल्या एका अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. काही वर्षांपूर्वी बावीस पानांचा प्रस्ताव घेऊन मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात गेलो होतो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, पानं चाळली आणि विचारलं, "सर, तुमचा सीएसआर-1 नंबर?" मला वाटलं, तो फॉर्म तेच देतील. घोडं तिथंच पेंड खायला लागलं.

ही चूक आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे कायद्याने सामाजिक कामांवर खर्च करायचा, पैसा दुसऱ्या संस्थेमार्फत खर्च व्हायचा असेल, तर त्या संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 या फॉर्मने नोंदणी झालेली असावी लागते. 1 एप्रिल 2021 पासून हे बंधनकारक आहे. त्यासाठी सहसा 12ए आणि 80जी या आयकर खात्याकडच्या करसवलतीच्या नोंदण्या लागतात. आता गंमत बघा. सातारा-सांगलीकडची बहुतेक महाविद्यालयं कुठल्या ना कुठल्या शिक्षण संस्थेची आहेत, आणि कायद्याच्या लेखी अस्तित्व असतं ते संस्थेला. पॅन संस्थेचा, 80जी संस्थेचं, नोंदणीही संस्थेचीच. आपण मात्र प्राचार्यांच्या लेटरहेडवर पत्र देऊन मोकळे होतो. आधी संस्थेच्या कार्यालयात जाऊन नंबर आहे का ते विचारा. रक्कम कुठल्या खात्यात येईल आणि विभागाकडे किती दिवसांत वर्ग होईल, याचा ठराव पैसे यायच्या आधीच करून घ्या. चेक आल्यावर ठरावाच्या मागे लागलात, तर एक सत्र त्यातच जातं.

दुसरी चूक म्हणजे दारच चुकणं. आपल्या भागात मोठा उद्योग म्हटला की सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. पण सीएसआर येतं कंपनी कायद्याच्या कलम 135 मधून, आणि ते लागू होतं कंपन्यांना. सहकारी कारखाना, सहकारी बँक, दूध संघ यांना नाही. खाजगी साखर कारखाना कंपनी असेल तर गोष्ट वेगळी. सहकारी कारखान्याकडे जायचंच असेल तर उसाचा उतारा, मळी, सांडपाणी असं त्यांच्या रोजच्या डोकेदुखीचं काम घेऊन जा आणि संचालक मंडळासमोर मांडा. "सीएसआरमधून द्या" म्हणालात तर समोरचा गालात हसेल.

कंपनीला तरी हा नियम लागू आहे का, हेही आधी पाहून ठेवा. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातला एक जरी आकडा गाठला असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. कंपनीच्या वार्षिक अहवालाला सीएसआरचं परिशिष्ट असतं. गेल्या वर्षी पैसे कुठे गेले ते त्यात असतं. ती दोन पानं वाचायला अर्धा तास लागतो, आणि आपल्यातले बरेच जण तेवढंही करत नाहीत.

आता सगळ्यात गुंतागुंतीचं. सीएसआरचा पैसा कुठल्या कामांवर खर्चता येतो, त्याची यादी कंपनी कायद्याच्या अनुसूची सातमध्ये आहे. तिच्यात संशोधनाचं कलम आहे, नववं. त्यात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांतल्या संशोधनाला पैसे देता येतात, पण ते सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा अशांना. शिवाजी विद्यापीठाचा विभाग तिथे बसतो. संलग्न खाजगी महाविद्यालयाला तिथे शिरायला वाव फार कमी. मग काय करायचं? एक तर विद्यापीठाबरोबर संयुक्त प्रकल्प करा आणि पैसे विद्यापीठाकडे येऊ द्या. नाहीतर आपलं काम खरोखर दुसऱ्या कलमात बसतं का ते बघा: पर्यावरण, आरोग्य, ग्रामीण विकास. कृष्णाकाठच्या विहिरींचं पाणी तपासून गावाला अहवाल देणं पर्यावरणात बसतं. नवीन संयुग तयार करणं बसत नाही, ओढूनताणून बसवूही नका.

आणि कंपनीचीच अडचण सोडवायची असेल, म्हणजे त्यांच्या रंगातला दोष किंवा ओतकामातली भोकं, तर ते सीएसआर नव्हेच. कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्यासाठी सल्लासेवेचा किंवा प्रायोजित संशोधनाचा करार करा. पेटंट कुणाचं, शोधनिबंध केव्हा छापायचा आणि जीएसटी कोण भरणार, हे त्यात लिहून घ्या. खरं सांगायचं तर आपल्याकडे हा रस्ता जास्त चालण्यासारखा आहे. किर्लोस्करवाडीपासून शिरवळपर्यंत कारखाने पसरलेत आणि त्यांच्या अडचणी रोजच्या आहेत.

प्रस्तावाच्या भाषेबद्दल एकच उदाहरण देतो. "करक्युमिनच्या नॅनोकणांचे संश्लेषण व गुणधर्म" हे शीर्षक यूजीसीला चालतं. (करक्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक.) कंपनीच्या समितीत हिशेबनीस, वकील, एखादा संचालक बसलेला असतो. तेच काम मी पुढे असं मांडलं: सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद साठवायची पद्धत आहे, पुरांनी त्या पेवांची वाट लावली, तर पेवात आणि गोदामात ठेवलेल्या हळदीतलं करक्युमिन किती टिकतं, हे मोजून शेतकऱ्याला सांगायचं. दोन पानं. प्रयोग बहुतेक तेच, फक्त कुणासाठी ते आता दिसत होतं.

वेळेचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणं म्हणजे वरातीमागून घोडं. उरलेले पैसे मिळाले तरी ते एखाद्या यंत्रावर संपवायला सांगतात. सीएसआरचा पुढच्या वर्षाचा आराखडा संचालक मंडळ मंजूर करतं, तेव्हा दिवाळीनंतर ओळख काढा, मार्चच्या आधी मसुदा द्या. एका वर्षापेक्षा जास्त काळाचं काम असेल तर ते "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करून घ्या. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळू शकतात. आणि कारखान्यातला अधिकारी शिफारस करतो, निर्णय बहुधा पुण्या-मुंबईच्या मुख्य कार्यालयात होतो. स्थानिक भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच म्हणतो, ते वाक्य पत्रात जरूर घाला.

अंदाजपत्रकात यंत्र लिहिताना देखभालीचा करार, रसायनं आणि संशोधन सहायकाचं मानधन विसरू नका. परदेशी फाउंडेशनचा विचार असेल तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगी घेण्यासाठीची) नोंदणी आहे का ते पाहिल्याशिवाय अर्ज लिहायलाच बसू नका.

महिनाभर उत्तर आलं नाही, तर "काय झालं?" असं मोघम विचारू नका. प्रस्ताव समितीपुढे गेला का, एवढंच विचारा. गेला नसेल तर कुठला कागद अडला ते कळतं. नकार आला असेल तर कुठल्या कलमात बसला नाही ते विचारून घ्या. मला एकदा फोनवर दोन मिनिटांत जे कळलं, त्यावर पुढचा अर्ज उभा राहिला.