पत्त्यांच्या डावातून पात्र कसे वाचावे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात माहेरवाशिणींचे झोके झुलतात आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात. ते पाहत वाढलेल्या वाचकाने अमेरिकी सरहद्दीवरच्या, म्हणजे पश्चिमेकडील नव्या वस्त्यांच्या, कथा वाचताना हरणाऱ्याच्या चेहऱ्याइतकेच जिंकणाऱ्याच्या हाताकडे लक्ष द्यावे.

ब्रेट हार्ट यांची १८६९ मधील ‘द आउटकास्ट्स ऑफ पोकर फ्लॅट’ ही कथा आधी घ्यावी. त्यातील जुगारी ओकहर्स्ट एका भोळ्या तरुणाकडून जिंकलेले सुमारे ४० डॉलर त्याला एकांतात परत करतो आणि तुला खेळता येत नाही, पुन्हा खेळू नकोस, असे बजावतो. उलट ओकहर्स्टला हद्दपार करणाऱ्या गावकऱ्यांपैकी काहींना त्याच्याकडे हरलेला पैसा वसूल करण्यासाठी त्याला फासावर चढवायचे असते. सभ्य कोण, हे येथे वाचकानेच ठरवावे. मग त्याची राहणी पाहावी: निर्जन डोंगरातही तो काळे कपडे झटकतो, हाततोंड धुतो. ही टापटीप म्हणजे त्याचा संयम. मात्र अखेरीस बर्फात तो स्वतःवर गोळी झाडतो, तेव्हा त्याच संयमाकडे पुन्हा वळून पाहावे लागते.

स्टीफन क्रेन यांच्या १८९८ मधील ‘द ब्लू हॉटेल’मध्ये डाव पैशांचा नसतोच, तरीही लबाडी होते. ती पाहूनही गप्प राहिलेला माणूस शोधावा. माझ्या मते खरे पात्र तेच आहे.