नेटवर्क प्रिंटर चालत नाही? आधी या चुका थांबवा

ऑफिसातला प्रिंटर बंद पडला की मला फोन येतो तो सगळे उपद्व्याप करून झाल्यावर. "सर, आम्ही काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला." जाऊन बघावं तर यादीत एकाच मशीनची तीन नावं: मूळ, 'कॉपी १', 'कॉपी २'. डीफॉल्ट भलताच, आणि ज्याने हे केलं तो जेवायला गेलेला.

प्रिंटर डिलीट करून पुन्हा ॲड करणं ही माझी सगळ्यात नावडती चूक. नावडती अशासाठी की त्याने कधी कधी काम होतं, आणि मग तेच औषध प्रत्येक दुखण्यावर चालू होतं.

जुलैअखेर, रिटर्नची घाई, एका सीएंचं ऑफिस. सकाळी लाइट गेली आणि आली. राउटर नव्याने चालू झाला, त्याने प्रिंटरला वेगळा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) दिला आणि जुना कुणाच्या तरी मोबाइलला. सगळे पीसी बिचारे जुन्याच पत्त्यावर कागद पाठवतायत. एका आर्टिकलशिपच्या पोराने आपल्या पीसीवर प्रिंटर पुन्हा ॲड केला, प्रिंट निघाली, वाहवा झाली. मग एकेक करत सगळ्या पीसींवर तेच. दुपारी पुन्हा लाइट गेली, आणि संध्याकाळपर्यंत पोराचा फोन लागेना.

इथे डिलीट करण्यासारखं काहीच नव्हतं. प्रिंटरच्याच पॅनेलवरून कॉन्फिगरेशन पेज काढायचं, त्यावरचा आयपी बघायचा आणि पीसीवर प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्स टॅबशी (पीसी कोणत्या पत्त्यावर कागद पाठवतो ते तिथे दिसतं) ताडायचा. जुळत नसेल तर दुखणं सापडलं. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. केबल बघा, पीसीला हात लावू नका. मी राउटरमध्ये जाऊन प्रिंटरच्या मॅक ॲड्रेससाठी (मशीनचा स्वतःचा ओळख क्रमांक) एक आयपी राखून ठेवतो आणि पोर्ट 'डब्ल्यूएसडी' असेल तर तो बदलून स्टँडर्ड टीसीपी/आयपी, म्हणजे ठरलेल्या आयपीवर थेट पाठवणारा, करतो. विंडोज स्वतः शोधून जोडते तो बहुधा डब्ल्यूएसडी, आणि ऑफिससाठी माझा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही. काहीजण राउटर वाटतो त्याच रेंजमधला आकडा प्रिंटरवर हाताने टाकून मोकळे होतात. उद्या तोच आकडा राउटर दुसऱ्या कुणाला देतो, मग बसा शोधत.

दुसरी चूक: प्रिंट निघाली नाही म्हणून पुन्हा प्रिंट, पुन्हा प्रिंट. पहिला जॉब अडकलेला असतो, बाकीचे त्याच्यामागे रांगेत. कॅन्सल केलं तरी 'डिलीटिंग' असं लिहून तिथेच ठाण मांडतो. तेव्हा विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, विंडोजच्या सिस्टीम३२ मध्ये स्पूल, त्यात प्रिंटर्स हे फोल्डर उघडून आतल्या फाइल्स उडवा (फोल्डर नाही!), स्पूलर पुन्हा चालू करा. रांग साफ न करता दोष काढलात तर तेच बिल ढीगभर बाहेर पडतं आणि टोनरचा खर्च आमच्या माथी येतो.

प्रिंटर चालू, पिंग लागतोय (नेटवर्कवरून हाक मारली की ओ देतोय), तरी 'ऑफलाइन'? पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (विंडोज प्रिंटरची हालहवाल विचारते ती सोय) टिक काढून बघा. 'यूज प्रिंटर ऑफलाइन' चुकून दाबलेलं नाही ना, तेही.

लॅपटॉप गेस्ट वायफायवर आणि प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कवर, मग दोघांची गाठ पडणार कशी? यावर मी आता बोलतसुद्धा नाही.

शेअर केलेल्या प्रिंटरवर ११बी ने संपणारी एरर आली की लोक व्हिडिओ बघून रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) एक आकडा शून्य करतात. ही एरर सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर फार दिसू लागली. तो शून्य म्हणजे सुरक्षेसाठी मुद्दाम घातलेली तपासणी बंद करणं. दोन्ही पीसी अपडेट करा. प्रिंटरला नेटवर्क पोर्ट असेल तर शेअरिंगच सोडा आणि प्रत्येक पीसीवरून थेट आयपीने जोडा. ज्याच्या पीसीवरून शेअर केलंय तो बंद करून घरी गेला म्हणून ऑफिस अडायला नको.

आणि प्रिंटरवर लाल दिवा लुकलुकत असेल तर आधी स्क्रीनवरचं वाचा. फाइल 'लेटर' साइजची, ट्रेमध्ये ए४, आणि मशीन निमूटपणे लेटर कागद मागत बसलेलं असतं.