डॅपल डॅशहंडची जोडी जमवण्यापूर्वी

काळ्या अंगावर राखाडी-रुपेरी डाग, भुवयांवर तांबूस टिकल्या आणि कधीकधी एक डोळा निळा असलेला डॅशहंड जातीचा कुत्रा पाहिला, की त्याची पिल्लेही अशीच व्हावीत असे कोणालाही वाटते. डॅशहंडच्या बाबतीत या रंगाला डॅपल म्हणतात. इतर जातींत त्यालाच मर्ल असे नाव आहे. पिल्ले काढण्याचा विचार करणाऱ्यांचा मला नेहमी येणारा प्रश्न याच रंगाविषयी असतो: ‘आमची कुत्री डॅपल आहे; नरही डॅपल बघितला तर सगळी पिल्ले डॅपल होतील ना?’ सगळी होणार नाहीत, आणि ही जोडी कधीही जमवू नये. त्यामागचे कारण नीट समजले, तर जोडी निवडण्याचे बाकीचे कामही पुष्कळ सोपे होते.

शाळेत वाटाण्याच्या झाडांवरून शिकलेला हिशेब इथेही लागू पडतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून आलेली. डॅशहंडचा चॉकलेटी रंग अप्रभावी आहे, म्हणजे दोन्ही प्रती चॉकलेटीच्या असतील तरच तो दिसतो. एकच असेल तर कुत्रा काळा दिसतो आणि चॉकलेटी रंग पोटात दडवून पुढच्या पिढीला देतो. डॅपलचे तसे नाही. तिथे एक प्रतही अंगावर उमटते, आणि दोन प्रती झाल्या की त्याचा परिणाम अंगावरच्या रंगापुरता उरत नाही.

टेक्सासमधील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले, की पीमेल नावाच्या जनुकात डीएनएचा एक आगंतुक तुकडा घुसल्यामुळे हा रंग तयार होतो. रंग तयार करणाऱ्या पेशींचे काम त्यामुळे जागोजागी बिघडते, आणि जिथे बिघडते तिथे काळा रंग विरून राखाडी होतो. एकच प्रत असलेल्या कुत्र्यात हा बिघाड बहुतेक वेळा केसांपुरता राहतो. दोन्ही प्रती तशा असल्या तर शरीराचे मोठे भाग पांढरे पडतात. गर्भावस्थेत या रंगपेशी पाठीच्या बाजूने निघून सर्व अंगभर पसरतात आणि त्यांतल्या काही आतल्या कानात जाऊन वस्ती करतात. तिथल्या द्रवातले पोटॅशियमचे प्रमाण राखायला त्या मदत करतात. त्या तिथे पोहोचल्याच नाहीत, तर ध्वनी टिपणाऱ्या नाजूक पेशी जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच मरतात आणि पिल्लू कायमचे बहिरे होते. डोळ्यांच्या घडणीतही अशीच खोट राहते: डोळा अतिशय लहान राहणे, बाहुली वेडीवाकडी असणे, आणि काही पिल्लांमध्ये डोळा जवळजवळ नसणे.

एकेरी डॅपल (म्हणजे डॅपलची एकच प्रत असलेला) नर आणि एकेरी डॅपल मादी यांच्या प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत साधा रंग येण्याची शक्यता २५ टक्के, एकेरी डॅपलची ५० टक्के आणि दुहेरी डॅपलची २५ टक्के असते. चार पिल्ले झाली तर नेमके एकच दुहेरी होईल असे मात्र नाही. प्रत्येक पिल्लासाठी फासा नव्याने टाकला जातो. एखाद्या वेळी एकही होत नाही, एखाद्या वेळी तीन होतात. ‘मागच्या वेळी काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच निरर्थक आहे. उलट डॅपल आणि साधा अशी जोडी जमवली, तर निम्मी पिल्ले डॅपल होण्याची शक्यता असते आणि दुहेरी डॅपल होण्याचा मार्गच बंद होतो. हौस भागवण्यासाठी यापेक्षा अधिक काही लागत नाही. ब्रिटनमधील केनेल क्लब दोन मर्ल आईवडिलांच्या पिल्लांची नोंदणीही करत नाही.

लाल रंगाआड दडलेला डॅपल

हे सारे माहीत असूनही अपघात होतात, आणि ते बहुतेक वेळा लाल रंगामुळे होतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने विटकरी लाल रंगाची मादी घेतली होती. तिच्या अंगावर एकही डाग दिसत नव्हता, म्हणून त्यांनी निर्धास्तपणे डॅपल नर निवडला. चार पिल्ले झाली. त्यांतले एक जवळजवळ पांढरे होते, फक्त एका कानावर आणि शेपटीच्या मुळाशी राखाडी डाग होता. घरात त्याचेच सर्वांत जास्त कौतुक झाले. बाराव्या-तेराव्या दिवशी इतरांचे डोळे उघडले. याच्या पापण्या उघडल्या तेव्हा उजव्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढा खोल गेलेला डोळा दिसला. पाचव्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. घरातल्या बाई जेवणाची थाळी घेऊन स्वयंपाकघरातून हाक मारत आल्या, तशी तीन पिल्ले धडपडत धावली आणि चौथे टोपलीत तसेच झोपून राहिले. भावंडांच्या अंगाची ऊब गेल्यावरच त्याला जाग आली. त्या मुक्या जीवाची काही चूक नव्हती आणि घरच्यांच्या मनातही वाईट काही नव्हते. चुकले ते एवढेच, की डोळ्यांना दिसले त्यावर त्यांनी विश्वास ठेवला.

डॅपलचा परिणाम केवळ काळ्या किंवा चॉकलेटी रंगद्रव्यावर होतो. लाल-पिवळ्या रंगद्रव्यावर तो जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे लाल किंवा क्रीम डॅशहंड डॅपल असूनही साधा दिसू शकतो. लाल पिल्लाच्या अंगावर जन्मतः, विशेषतः कानांवर आणि पाठीवर, फिकट डाग दिसतात, कारण तेव्हा केसांच्या टोकांशी काळेपणा असतो. तो ओसरला की डागही नाहीसे होतात. काही लाल कुत्र्यांमध्ये काळे रंगद्रव्य केसांत उतरतच नाही, आणि तिथे जन्मतःही काही कळत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की जोडीतला एक डॅपल असेल तर दुसरा शक्यतो काळा-तांबूस असावा, म्हणजे डॅपल असता तर तो बहुतेक वेळा अंगावर दिसला असता. आणि दुसरा लाल, क्रीम किंवा पांढऱ्या डागांचा असेल तर डीएनए तपासणीशिवाय पुढे पाऊलच टाकू नये. पांढऱ्या डागांचा मुद्दा मुद्दाम सांगतो आहे. पायबॉल्ड हा डॅशहंडमधला पांढऱ्या डागांचा वेगळा, स्वतंत्र जनुकाचा रंग आहे. परंतु दुहेरी डॅपल पिल्ले पायबॉल्ड म्हणून विकली गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि केवळ नजरेने त्यांतला फरक ओळखणे पुष्कळदा जाणकारालाही जमत नाही.

तपासणी अवघड नाही. गालाच्या आतल्या बाजूने कापसाची काडी फिरवून नमुना घेतात आणि प्रयोगशाळेला पाठवतात. काही प्रयोगशाळा रक्ताचा नमुना मागतात. नमुना घेण्यापूर्वी तासभर कुत्र्याला खायला देऊ नये. दूध पिणाऱ्या पिल्लाचा नमुना घ्यायचा असेल तर त्याला काही वेळ आईपासून दूर ठेवावे, नाहीतर आईच्या पेशी नमुन्यात मिसळतात. काड्या बंद करण्यापूर्वी पूर्ण सुकू द्याव्यात. आपल्याकडे अहवाल मागवायचा तो कुत्र्याच्या मायक्रोचिप क्रमांकासह मागवावा. नराच्या मालकाने दाखवलेल्या कागदावर चिपचा क्रमांक नसेल, तर तो कागद त्याच कुत्र्याचा आहे हे कशावरून मानायचे?

निळा रंग, आणि रंगापलीकडचे

डॅपलनंतर सर्वांत जास्त विचारणा निळ्या आणि इझाबेला रंगांची होते. काळा रंग फिका होऊन पोलादी निळसर होतो, चॉकलेटी रंग फिका होऊन इझाबेला होतो. हा फिकेपणा अप्रभावी आहे, त्यामुळे दोन साध्या काळ्या आईवडिलांच्या पोटी निळे पिल्लू येऊ शकते. ‘दुर्मीळ रंग’ म्हणून त्याची जास्त किंमत सांगितली जाते, हे मला मनापासून खटकते. अशा कुत्र्यांत रंगद्रव्याचे कण केसात गोळा होऊन बसतात, त्यामुळे केस ठिसूळ होतात, आणि त्यांतल्या अनेकांचे केस वयाच्या पहिल्या काही वर्षांत पाठीवरून विरळ होत जातात. त्वचा कोरडी पडते, पुटकुळ्या येतात. यावर कायमचा इलाज नाही. शाम्पू, तेल आणि औषधे आयुष्यभर चालू राहतात. सर्वच निळ्या कुत्र्यांना हा त्रास होतो असे नाही, पण मुद्दाम निळी पिल्ले काढण्याचे समर्थन मला करता येत नाही.

रंगाचा हिशेब मांडताना डॅशहंडचा खरा धोका पाठीच्या कण्यात आहे हे विसरता कामा नये. आखूड पायांमागे जे जनुकीय बदल आहेत त्यांतलाच एक मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक करतो. साधारण पाचातल्या एका डॅशहंडला आयुष्यात कधीतरी चकती सरकण्याचा त्रास होतो, आणि काहींचे मागचे पाय लुळे पडतात. हा बदल या जातीत जवळजवळ प्रत्येकात असल्याने डीएनए तपासणीवरून कुत्रा निवडता येत नाही. नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड येथे यासाठी दोन ते चार वर्षांच्या वयात कण्याचा एक्स-रे काढून चुना साठलेल्या चकत्या मोजतात. त्यातून आपल्यासाठी सरळ धडा मिळतो: मादी दोन वर्षांची झाल्यावर कण्याचा एक्स-रे काढून घ्यावा, आणि पाच किंवा त्याहून जास्त चकत्यांमध्ये चुना दिसला तर तो कुत्रा, रंग कितीही देखणा असो, प्रजननातून वगळावा. आईवडिलांना किंवा भावंडांना पाठीचा त्रास झाला आहे का, हे तोंडी का होईना, पण खोदून विचारावे. लांब केसांच्या छोट्या डॅशहंडमध्ये दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक आजार आढळतो आणि तारेसारख्या राठ केसांच्या छोट्या डॅशहंडमध्ये लाफोरा नावाचा झटक्यांचा आजार. दोन्हींसाठी डीएनए तपासणी आहे, आणि रंगाच्या तपासणीबरोबरच ती करून घेता येते. हे दोन्ही आजार अप्रभावी असल्याने एका बाजूचा वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेला कुत्रा) चालतो, दोन्ही बाजूंचे वाहक चालत नाहीत.

वंशावळीचा कागद वाचताना किमान तीन पिढ्यांची नावे शेजारी शेजारी लिहून काढावीत, म्हणजे जवळच्या नात्यातली जोडी टळते. एकाच शहरात एकच गाजलेला नर अनेकांनी वापरलेला असतो, आणि दोन्ही बाजूंना एकच आजोबा निघणे ही गोष्ट विरळा नाही.

मादीचे वय आणि कायदा

२०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांचे प्रजनन आणि विक्री यांसाठी नियम लागू केले. त्यांनुसार पिल्ले विकण्यासाठी प्रजनन करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. मादी किमान १८ महिन्यांची असली पाहिजे. वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिला पिल्ले होऊ देता येत नाहीत. आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. माझ्या मते ही किमान मर्यादा आहे. कण्याच्या एक्स-रेसाठी दोन वर्षे थांबायचेच असल्याने त्यापूर्वी मेटिंगचा प्रश्नच येत नाही, आणि पाच वेळा तर कोणत्याही मादीला या चक्रातून नेऊ नये.

इथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. ‘एकदा तरी तिला आई होऊ द्या, म्हणजे तब्येत चांगली राहते’ असे घरातली वडीलधारी माणसे प्रेमाने सांगतात. वैद्यकीयदृष्ट्या त्याला आधार नाही. पिल्ले झाल्याने मादीचे गर्भाशयातील पू होण्याच्या आजारापासून संरक्षण होत नाही. ते नसबंदीने होते. चांगला नर मिळत नसेल, तपासण्या परवडत नसतील किंवा पिल्लांना घरे मिळतील याची खात्री नसेल, तर पिल्ले न काढणे हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे.

मेटिंग झाल्यापासून साधारण ६३ दिवसांनी पिल्ले होतात. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लांची संख्या जाणून घ्यावी, म्हणजे एखादे आत अडकले तर वेळेत कळते. रात्री-अपरात्री सिझेरियन करणारा डॉक्टर आधीच ठरवून ठेवावा. जन्मल्यावर प्रत्येक पिल्लाला वेगळ्या रंगाचा धागा सैलसर बांधून रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वजन घ्यावे. वजन सलग दोन दिवस वाढले नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

आणि त्याच पहिल्या दिवशी, अंग कोरडे झाल्यावर, खिडकीच्या उजेडात प्रत्येक पिल्लाचे फोटो काढावेत: पाठ, दोन्ही बाजू, कानांची मागची बाजू, शेपटीचे टोक. लाल पिल्लावर फिकट डाग असतील तर ते याच दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसतात. डोळे उघडल्यावर पुन्हा फोटो काढावेत. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ऐकू येते का हे तपासावे. जमिनीवर भांडे आपटू नये, कारण बहिरे पिल्लूही हादऱ्याने वळते. ते झोपलेले किंवा पाठमोरे असताना हवेत, थोड्या अंतरावर, कागद चुरगाळावा. एका कानाचे बहिरेपण याने कळत नाही, त्यासाठी मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारित तपासणी लागते. पण दोन्ही कानांनी बहिरे असलेले पिल्लू याने बहुधा लक्षात येते.

पिल्लू नव्या घरी जाताना लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर आईवडिलांचे डीएनए अहवाल, जन्मदिवसाचे फोटो आणि मायक्रोचिप क्रमांक द्यावा. लाल पिल्लाच्या आईबापांपैकी एक डॅपल असेल तर त्या पिल्लाची स्वतःची तपासणी करून पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘रंग लाल, डॅपलची एक प्रत आहे, डॅपलशी मेटिंग करू नये’ असे लिहावे, किंवा ती प्रत नसेल तर तसे लिहावे. त्या कुटुंबाच्या लाल मादीच्या पुस्तिकेत रंगाच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘लाल’.