नेत्याचे मूल कोणत्या शाळेत जाते, या वादात उतरण्यापूर्वी

गुजरातमध्ये जून महिन्यात शाळा प्रवेशोत्सव होतो. २००३ पासून चालत आलेल्या या उपक्रमात मंत्री आणि वरिष्ठ अधिकारी गावोगावच्या सरकारी शाळांत जाऊन नव्याने दाखल होणाऱ्या मुलांचे स्वागत करतात, आणि त्याच आठवड्यात वडोदऱ्यातील आमच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर एकच प्रश्न फिरू लागतो: यांची स्वतःची मुले कुठे शिकतात? कोणी एका पक्षाच्या नेत्यावरील कात्रण टाकतो, दुसरा लगेच दुसऱ्या पक्षाच्या नेत्यावरील कात्रण शोधून आणतो, पुण्याची आत्या मराठी दैनिकाची लिंक पाठवते, लंडनचा मामेभाऊ तिथल्या मजूर पक्षाचा दाखला देतो, आणि संध्याकाळपर्यंत झालेल्या पन्नास निरोपांत शाळेविषयी एक वाक्यही नसते. हा प्रश्न विचारू नये असे माझे म्हणणे नाही; तो महत्त्वाचा आहे, म्हणूनच तो नीट विचारला पाहिजे. माझी आई महापालिकेच्या शाळा चालवणाऱ्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत शिकवत असे आणि मी मात्र ग्रँटेड, म्हणजे खासगी संस्थेच्या अनुदानित, शाळेत शिकलो. त्यामुळे नेत्यांना विचारायचा हा प्रश्न आमच्या घरालाही लागू होतो, याची जाणीव मला लहानपणापासून आहे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण या वादात हमखास येते. तिचे दोन भाग आहेत आणि पुरावा मात्र नेहमी दुसऱ्याच भागाचा दिला जातो. नेत्याचा मुलगा महागड्या शाळेच्या गणवेशात दिसतो एवढ्याने दांभिकपणा सिद्ध होत नाही. त्या नेत्याने ब्रह्मज्ञान सांगितले होते का, आणि नेमक्या कोणत्या शब्दांत सांगितले होते, हे आधी शोधावे लागते. म्हणून वादात पडणाऱ्याचे पहिले काम शाळेचे नाव शोधण्याचे नसून नेत्याचे वाक्य शोधण्याचे आहे. ते विधिमंडळातील किंवा संसदेतील भाषणात, पक्षाच्या जाहीरनाम्यात किंवा पूर्ण ध्वनिचित्रफितीत सापडले पाहिजे. दुसऱ्या कोणी सांगितलेला त्याचा सारांश पुरेसा नाही.

वाक्य हाती आले की त्याचा अर्थ ताणू नये. ‘सरकारी शाळा सुधारल्या पाहिजेत’ असे म्हणणाऱ्याने स्वतःचे मूल खासगी शाळेत घातले, तर त्यात विसंगती नाही; शाळा अजून सुधारलेल्या नाहीत, हेच तो आपल्या कृतीने कबूल करतो. ‘आमच्या सरकारी शाळा खासगी शाळांपेक्षा सरस झाल्या आहेत’ असे म्हणणाऱ्याला मात्र ‘मग आपले मूल तिथे का नाही?’ हे विचारण्याचा प्रत्येक पालकाला अधिकार आहे. ‘मराठी माणसाने मुले मराठी शाळेतच घालावीत’ असे सांगणाऱ्या नेत्याचे घर तर या प्रश्नातून सुटूच शकत नाही, कारण तिथे उपदेशच इतरांच्या घराला केलेला असतो.

लंडनच्या मामेभावाचा दाखला या कसोटीवर चांगला उतरतो. मजूर पक्षाच्या खासदार डायान ॲबट यांनी आपल्याच पक्षातील टोनी ब्लेअर आणि हॅरिएट हरमन यांच्यावर मुलांच्या शाळानिवडीवरून टीका केली होती. पुढे २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या मुलाला सिटी ऑफ लंडन स्कूल या फी घेणाऱ्या शाळेत घातल्याचे उघड झाले आणि आपला निर्णय समर्थनीय नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. इथे वाक्यही आहे आणि कृतीही आहे, म्हणून आरोप टिकतो. उलट, ब्लेअर आणि हरमन यांची मुले ज्या शाळांत गेली त्या निवडक प्रवेश देणाऱ्या असल्या, तरी सरकारी खर्चाने चालणाऱ्याच होत्या. तरीही ‘तेही खासगी शाळेतच घालत होते’ असे इथे बसून बिनदिक्कत लिहिले जाते.

यातून दुसरे काम निघते. शाळेचा प्रकार तिच्या नावावरून ठरवू नये. इंग्लंडमध्ये पब्लिक स्कूल म्हणजे भरमसाट फी घेणारी जुनी खासगी शाळा, आणि आपल्याकडेही पाटीवर ‘पब्लिक’ लिहिलेल्या बहुतेक शाळा खासगीच असतात. गुजरातमध्ये तर खासगी हा एकच शब्द अनेक गोष्टींवर पांघरला जातो. ग्रँटेड शाळा खासगी संस्था चालवते, पण शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो. सेल्फ फायनान्स शाळा फीवर चालते, आणि तिच्या फीवर नजर ठेवण्यासाठी २०१७ च्या कायद्याने प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० आणि माध्यमिकसाठी २५,००० रुपये अशी मर्यादा घातली. त्याहून जास्त फी घ्यायची असल्यास शाळेला एफआरसीसमोर, म्हणजे फी नियमन समितीसमोर, खर्चाचे समर्थन करावे लागते. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्याव्या लागतात व त्यांचा खर्च सरकार देते. म्हणजे त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाची फी बाप भरतो आणि दुसऱ्याची सरकार भरते.

‘सरकारी’ या शब्दाचीही हीच चौकशी करावी. केंद्रीय विद्यालय सरकारीच आहे, परंतु २०२२ पर्यंत प्रत्येक खासदाराला तिथे दर वर्षी दहा मुलांच्या प्रवेशाची शिफारस करता येत असे. तेव्हा ‘आमच्या नेत्याचा नातू सरकारी शाळेत शिकतो’ हे विधान खरे असूनही, तो वडोदऱ्याच्या बाबाजीपुऱ्यातील मजुराच्या मुलाशेजारी बसतो असा त्याचा अर्थ होत नाही.

आता वर्तमानपत्रांकडे वळतो, कारण गोंधळाचे मूळ बहुधा तिथे असते. एखादे पत्र पक्षपाती आहे एवढ्यावरून त्यातील बातमी फेकून देणे हा आळस आहे. मराठी पत्रकारिता बाजू घेऊनच वाढली. टिळक आणि आगरकर यांनी १८८१ मध्ये सहकाऱ्यांसह केसरी सुरू केला, सामाजिक सुधारणांवरून मतभेद झाले, आणि आगरकरांनी १८८८ मध्ये सुधारक काढला. दोन्ही पत्रांची बाजू वाचकाला ठाऊक होती आणि वाचक ती गृहीत धरूनच वाचत असे. आजही ‘सामना’ वाचताना तो १९८८ पासून कोणत्या पक्षाचे मुखपत्र आहे, हे कोणाला सांगावे लागत नाही. उघड बाजू घेणाऱ्या पत्रापेक्षा मला अधिक चिंता वाटते ती निःपक्ष म्हणवणाऱ्या आणि मालकाचे हितसंबंध वाचकाला न सांगणाऱ्या पत्राची. अशा पत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापलेली असतात. १९५६ च्या नियमांनुसार फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात मालकीचे सविस्तर निवेदनही छापले जात असे. जुना मार्चचा अंक मिळाला तर ते वाचून पाहावे, म्हणजे बातमी कोणाच्या घरून आली हे कळते.

पण मालक कळला म्हणून बातमी खोटी ठरत नाही. विरोधी पक्षाच्या पत्राने दिलेली बातमी खरी असू शकते, किंबहुना आपले पत्र जे दडपते ते तेच छापते. फरक असतो तो कशाला किती जागा दिली, कोणाचे म्हणणे घेतले आणि कोणाचे घेतले नाही, यात. म्हणून कात्रण हाती आले की ते बातमी आहे, अग्रलेख आहे, सदरातील मत आहे की पैसे घेऊन छापलेला मजकूर आहे, हे आधी ठरवावे. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजची चर्चा एवढी वाढली की प्रेस कौन्सिलला २०१० मध्ये त्यावर अहवाल काढावा लागला. तेव्हापासून ‘छापून आले आहे’ हा पुरावा मी पुरेसा मानत नाही. आणि नेत्याची बाजू बातमीत घेतलेलीच नसेल, तर ती दुसऱ्या पत्रात सापडेपर्यंत कात्रण पुढे पाठवू नये.

वडोदऱ्याच्या मराठी वाचकाजवळ इथे एक मोठे साधन आहे. आपण गुजराती, मराठी, हिंदी आणि बऱ्याचदा इंग्रजीही वाचतो, आणि या चारही भाषांतील पत्रांचे राजकीय हितसंबंध वेगवेगळ्या राज्यांत गुंतलेले असतात. गुजरातमधील मंत्र्याविषयी पुण्याच्या पत्राला काही गमवायचे नसते, तसेच महाराष्ट्रातील नेत्याविषयी इथल्या पत्राला नसते. तेव्हा एकच घटना दोन भाषांत वाचून पाहावी, आणि दोन्हींत जे समान असेल तेवढेच आपल्या वाक्यात घ्यावे. मात्र भाषांतर करताना शब्द जपावेत. गुजरातीतील ‘आक्षेप’ म्हणजे थेट आरोप. मराठीत आक्षेप म्हणजे हरकत. गुजराती मथळा जसाच्या तसा देवनागरीत उतरवला तर आरोप सौम्य होतो, आणि उलट दिशेने साधी हरकत आरोप होऊन बसते. माझ्या परिचयातील दोन भावांचे बोलणे अशाच एका मथळ्यावरून महिनाभर बंद होते, आणि दोघांनीही मूळ बातमी वाचलेली नव्हती.

तारीख आणि ठिकाण पाहण्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते न पाहण्याची चूक मी स्वतः केली आहे. ‘न्यायालयाचा दणका: अधिकारी आणि नेत्यांची मुले आता सरकारी शाळेतच’ अशा आशयाचा निरोप दर दोन वर्षांनी नव्याने येतो. निकाल खरा आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुधीर अगरवाल यांनी १८ ऑगस्ट २०१५ रोजी तो दिला, आणि सरकारी तिजोरीतून पगार किंवा लाभ घेणाऱ्या सर्वांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत पाठवावीत अशी व्यवस्था सहा महिन्यांत करण्यास राज्याच्या मुख्य सचिवांना सांगितले. परंतु तो उत्तर प्रदेशापुरता होता. गुजरातच्या मंत्र्याने त्याचा भंग केला, असे म्हणता येत नाही. मी तसे लिहिले होते आणि मला ते मागे घ्यावे लागले.

वादात एक क्षण असा येतो की समोरचा म्हणतो, ‘नेता दांभिक आहे, म्हणून त्याचे धोरणही खोटे.’ या ठिकाणी थांबून महाराज सयाजीराव गायकवाडांचे उदाहरण द्यावे; आपल्या शहरात ते प्रत्येकाला कळते. कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये बाराव्या वर्षी गादीवर आलेल्या आणि तोवर शिक्षणाचा फारसा गंध नसलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यांचे राजपुत्र मात्र रयतेच्या त्या शाळांत शिकले नाहीत. पुढे ते ऑक्सफर्ड आणि हार्वर्डला गेले. कोणी त्या काळी कात्रण काढून ‘प्रजेला गावची शाळा, पोरांना विलायत’ असे लिहिले असते, तर तपशील खरा ठरला असता. तरीही अमरेलीच्या मुलाला मिळालेली पाटी खोटी ठरली नसती, आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचा अनुभव निरर्थक ठरला नसता. सयाजीरावांनी प्रत्येक मुलाने शिकले पाहिजे असे म्हटले आणि त्यासाठी खजिना उघडला. सर्वांनी एकाच शाळेत बसावे असे ते म्हणाले नव्हते. राजपुत्र आणि रयत एका बाकावर बसले असते तर शाळा अधिक चांगली झाली असती का, हा प्रश्न मला आजही पडतो, पण तो दांभिकपणाचा प्रश्न नाही.

म्हणून नेत्याच्या मुलावरून सुरू झालेला वाद शक्य तितक्या लवकर नेत्याच्या कामावर आणावा. आपल्या वॉर्डातील शाळेत शिक्षकांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, याची माहिती माहिती अधिकाराच्या अर्जाने तीस दिवसांत मिळवता येते. असे एक उत्तर हाती असले तर निरोप असा लिहिता येतो: ‘अमुक तारखेच्या भाषणात आपण आमच्या सरकारी शाळा सर्वोत्तम आहेत असे म्हटले. या शाळेत मंजूर जागांपैकी इतक्या रिकाम्या आहेत. आपल्या घरातील मूल या शाळेत नाही, आमचे आहे. या जागा कधी भरणार?’ यात शिवी नाही, कात्रण नाही, आणि उत्तर टाळणे कठीण आहे. आपल्या पक्षाच्या नेत्यालाही हाच निरोप याच शब्दांत पाठवता येतो का, हे पाठवण्याआधी पाहावे. येत नसेल, तर तो निरोप शाळेविषयी नाही.

मुलाला मात्र यात ओढू नये. त्याचे नाव, छायाचित्र, इयत्ता, गुण यांतले काहीही लिहू नये. शाळा त्याने निवडलेली नाही. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराचे स्वतःचे शिक्षण आणि अवलंबितांची मालमत्ता असते, मुलाच्या शाळेचा रकाना त्यात नाही. तेव्हा ‘प्रतिज्ञापत्रातच आहे’ असे सांगून कोणी शाळेचे नाव फिरवत असेल तर त्याला तिथेच अडवावे.

आपण पाठवलेले चूक निघाले, तर दुरुस्ती त्याच गटावर, मूळ निरोपाला जोडून लिहावी; नुसता निरोप पुसून टाकला तर ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांना चूक कळतच नाही. आणि वर्तमानपत्रानेच चूक छापली असेल, तर आधी संपादकाला पत्र पाठवावे, त्याची प्रत ठेवावी, आणि दाद मिळाली नाही तर दैनिक वा साप्ताहिकाविरुद्धची तक्रार मजकूर छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत प्रेस कौन्सिलकडे करावी. तक्रारीसोबत मूळ कात्रण जोडताना तारीख, पान आणि आवृत्ती लिहायला विसरू नये, कारण वडोदरा आवृत्तीत आलेला मजकूर अहमदाबाद आवृत्तीत कित्येकदा वेगळा असतो.