खिशातला घडीचा चाकू घेताना

रोज खिशात ठेवायचा चाकू सहा-सात सेंटीमीटर पात्याचा पुरतो. पार्सलची चिकटपट्टी, सुतळी, पेरू, याहून जास्त काम त्याच्याकडे नसतंच. दुकानात आधी धार बघू नका, ती नंतरही लावता येते. पातं पूर्ण उघडा आणि चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवा. बिजागरी खुळखुळली, तर चाकू तिथेच ठेवा. मग लॉक बघा. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडामागे नीट सरकून बसली पाहिजे. जेमतेम कडेला टेकत असेल तर जोर पडताच पातं बोटांवर मिटेल. साध्या स्विस चाकूंत बहुधा लॉक नसतं, नुसती स्प्रिंग असते. कापायला ठीक, पण टोकाने भोक पाडायला जाऊ नका.

कार्बन स्टीलला धार झकास लागते, पण कैरी कापून न पुसता मिटलं की डाग पडलेच. कोकणात राहत असाल तर सरळ स्टेनलेस घ्या.

बटण दाबताच उघडणारे रामपुरी थाटाचे चाकू टाळा. पोलिसांना काय काय समजावत बसणार? आणि विमानप्रवासात तो चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये चालत नाही.