घोडा बघायला निघण्याआधी घोडी बघा

दिवाळीतला अकलूजचा घोडेबाजार उरकला, पुढं दत्तजयंतीला सारंगखेड्याची जत्रा भरली, की माझ्या मोबाईलवर व्हिडिओ येऊन पडतात. "नाना, ६५ इंची आहे, मारवाडी, मान बघा कशी ठेवलीय. आपली घोडी लावायची का?" मी उलट विचारतो, "घोडीची पाठ कशी आहे?" तिकडून आवाज बंद.

पैदाशीसाठी घोडा निवडायचं काम घोडीपासून सुरू होतं. झूल, खोगीर, गोंडे सगळं उतरवा आणि तिला कडक, सपाट जमिनीवर उभी करा. बाजूनं, पुढून, मागून फोटो काढा. रोज खरारा करणाऱ्याला आपल्या जनावराचे दोष दिसत नाहीत, फोटोत ते लपत नाहीत. मग तिच्यात काय ठेवायचं आणि काय सुधारायचं हे कागदावर लिहा. सुधारायच्या गोष्टी दोनच लिहा. पाच लिहिल्या तर त्या घोडीला फळवूच नका, तिच्यावर रपेट मारा.

आमची चंद्रा कुमेत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची आहे. मान देखणी, कान टवकारले की टोकाला टोक भिडतं, स्वभावानं गरीब. पण पाठ लांब आणि मागची ढोपरं आत वळलेली. तिला आखूड पाठीचा, भरलेल्या पुठ्ठ्याचा, मागचे पाय सरळ टाकणारा घोडा लागतो. इथं पुष्कळ जण फसतात: दोषाला उलटा दोष शोधतात. ढोपरं आत आहेत, म्हणून बाहेर फाकलेल्या पायांचा घोडा आणतात. शिंगरू मधोमध निघेलच असं नाही. बरेचदा ते आईवर जातं नाहीतर बापावर, आणि नशीब फिरलं तर दोघांचं वाईट तेवढं उचलतं. ज्या जागी घोडी कमी, त्या जागी घोडा नुसता चोख पाहिजे.

जत्रेत घोडा पसंत करा, पण ठरवू नका. जत्रेतला घोडा तेल पाजून, चणे चारून गोल केलेला असतो आणि चरबीखाली पुष्कळ काही झाकतं. नंतर त्याच्या तबेल्यावर जा, न कळवता जमलं तर उत्तम. लगाम सैल सोडून त्याला फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर चालवत तुमच्याकडं आणायला सांगा, मग तुमच्यापासून लांब न्यायला. डोळे मिटून टापा ऐका. चारी टापांचा ठोका सारखा पडला पाहिजे. एक टाप हलकी पडत असेल तर त्या पायात काहीतरी आहे. मग डोळे उघडून बघा: मागचा पाय पुढच्या पायाच्या रेषेत येतो का, की बाहेरून फेकला जातो? नाचकामाचे घोडे मागचा भाग दाबून चालायला शिकलेले असतात, म्हणून नाच बघून चालीचा अंदाज बांधू नका. रवाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी जलद चाल हवी असेल तर स्वार बसवून मोकळ्या रस्त्यावर बघा.

ओठ वर करून दात बघा. वरचे दात खालच्यांच्या पुढं पोपटाच्या चोचीसारखे आलेले असतील तर घोडा कितीही देखणा असो, परत फिरा. हा दोष पिढीत उतरतो आणि अशा शिंगराला पुढं चरायला त्रास होतो. वृषण दोन्ही खाली उतरलेले, साधारण सारख्या आकाराचे हवेत. एकच खाली असलेला घोडा मालक मोठ्या तोऱ्यानं दाखवतात, "जोर बघा त्याचा" म्हणतात. जोर असेल, पण हा दोषही मुलांत उतरू शकतो. आणखी एक, मोतद्दाराकडं, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याकडं लक्ष ठेवा. तो हातात काठी घेऊनच आत जात असेल, किंवा घोड्याच्या तोंडाकडं पाठ करत नसेल, तर मालकाच्या तोंडून घोड्याचा स्वभाव ऐकायची गरज नाही.

या सगळ्यापेक्षा मोठी परीक्षा म्हणजे त्याची शिंगरं. घोड्याचं चित्र एक असतं आणि तो देतो ते वेगळं असतं. वेगवेगळ्या आयांपासून झालेली त्याची चार-पाच शिंगरं तरी बघा, आणि मालक दाखवेल ती सोडून इतरही शोधा. आया वेगळ्या असूनही सगळ्यांची पाठ आखूड असेल तर घोडा ती पाठ देतोय. सगळ्यांचे पुढचे गुडघे मागं झुकलेले असतील तर तेही तोच देतोय. तीन वर्षांच्या घोड्याला शिंगरं नसतात, म्हणून मी तसल्या पोराच्या वाटेला जात नाही, फी कमी असली तरी. बाप आणि आजा विचारून घ्या. नावाजलेल्या घोड्याची नातवंडं गावोगाव पसरलेली असतात, आणि तुमची घोडी त्याच रक्ताची निघायची. मारवाडीची नोंदणी आणि मायक्रोचिप असेल तर कागद मागा. तोंडी वंशावळ पावसाळ्यात वाढते.

उंचीचं वेड सांगतो. छोट्या घोडीला उंच घोडा लावला तर बाळंतपण अडेल, अशी भीती असते. केंब्रिजमध्ये १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी अजस्र शायर आणि इवल्याशा शेटलंड जातीचा दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला. जन्माच्या वेळी शिंगराचा आकार आईच्या पोटाप्रमाणे निघाला. म्हणजे अडण्याची भीती वाटते तेवढी नाही, पण चढतानाची इजा खरी आहे. आणि ५६ इंची घोडीला ६६ इंची घोडा लावून ६१ इंचाचं शिंगरू हिशेबानं मिळेल, हे विसरा. बरेचदा लांब पाय आणि आखूड धड असलं विजोड काहीतरी निघतं.

भीमथडी घोडी असेल तर माझं ऐका, तिला मारवाडी लावू नका. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी ही ठेंगणी, काटक जात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. संकराचं शिंगरू बाजारात चार पैसे जास्त आणेल, पण शुद्ध भीमथडी घोडी आता मागून मिळत नाही.

रंगाचं गणित थोडक्यात. दोन्ही आईबाप आयाळ-शेपटीसकट तांबडे असतील तर शिंगरू तांबडंच. लग्नासाठी पांढरा हवा असेल तर दोन वाटा: सब्जा, म्हणजे जन्मताना गडद आणि वयानं पांढरा होणारा, यासाठी आईबापांपैकी एक तरी सब्जा लागतो. दुसरी वाट नुकरा, म्हणजे जन्मापासून पांढरा; त्याची कातडी गुलाबी, ती उन्हात भाजते, आमच्या सोलापुरी उन्हात तर विचारू नका. सब्जा घोड्याच्या शेपटीखाली उतारवयात बरेचदा काळ्या गाठी येतात, तिथंही हात घालून बघा. पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरं) आणि देवमण (गळ्यावरचा भोवरा) असेल तर गिऱ्हाईक खूश होतं, आसूढाळ (डोळ्याखालचा भोवरा) असेल तर नाक मुरडतं. भोवऱ्यानं घोडा लंगडत नाही, पण विकायचं असेल तर हेही बघावं लागतं.

आता कागद. ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली हवी, अलीकडची. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात जातात. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह जनावर कायद्यानं मारावं लागतं, म्हणून इथं मैत्री आड आणू नका. घोडीचीही तपासणी करून न्या, समोरचा मालक शहाणा असेल तर मागेलच. व्यवहार लिहून घ्या: किती वेळा भरवणार म्हणजे घोडीला घोडा दाखवणार, न फळल्यास पुढच्या माजाला त्याच पैशात देणार का, चारा-पाण्याचे वेगळे किती.

माज साधारण २१ दिवसांनी येतो, पाच ते सात दिवस टिकतो, आणि बीज सुटतं ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणून पहिल्याच दिवशी घाई न करता तिसऱ्या दिवसापासून दिवसाआड भरवावी, ती नको म्हणेपर्यंत. व्याल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांत पुन्हा माज दिसतो, तो मी सोडतो, पुढच्याची वाट बघतो. गुढीपाडव्याच्या आसपास फळली तर अकरा महिन्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चात शिंगरू येतं, चिखल-माशांच्या आधी चांगलं उभं राहतं. भरवल्यापासून १४ ते १६ दिवसांत घोड्यांचा हात असलेल्या डॉक्टरकडून सोनोग्राफी करा. नुसती गाभण आहे का एवढं विचारू नका, जुळं आहे का तेही बघायला सांगा. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेकदा दोन्ही जातात, आणि त्यातलं एक काढून टाकायचं तर डॉक्टरला हेच दिवस सापडतात.